"तब्येत कशी आहे?" – वयाप्रमाणे बदलणारे उत्तर

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत एक साधा प्रश्न असतो: तुमची तब्येत उत्तम, खूप चांगली, चांगली, बेताची की वाईट? अशा प्रश्नांवरच्या २७ अभ्यासांचा आढावा १९९७ साली एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी घेतला. वय व आजार हिशेबात धरूनही, 'वाईट' म्हणणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त असल्याचे बहुतेक अभ्यासांत दिसले. म्हणजे माणसाला स्वतःविषयी बरेच कळत असते!

मात्र वयाबरोबर मोजपट्टी बदलते. म्हातारपणी आपण बरेचदा बरोबरीच्या माणसांशी तुलना करतो. गुडघे दुखत असूनही आजी "छान आहे" म्हणतात, आणि ते खोटेही नसते. पंचाईत अशी, की दम लागणे, पाय सुजणे हेसुद्धा "आता वय झालं" या खात्यात जमा होते. आमच्या घरी बाबांच्या "बरं आहे" वर आम्ही तीन महिने निर्धास्त होतो. मग हृदय कमजोर झाल्याचे निघाले.

तेव्हा रविवारच्या फोनवर नेमके विचारा: जिना चढताना मध्ये थांबावे लागते का? रात्री उशा किती लागतात? चपला घट्ट होतात का?