अमेरिकेत डॉक्टर व्हायचे तर... पदवी महाविद्यालय निवडताना

भारतात बारावीनंतर 'नीट' परीक्षेतून प्रवेश मिळाला की इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांत एमबीबीएस पूर्ण होते. अमेरिकेतील व्यवस्था निराळी आहे. तेथे प्रथम चार वर्षांची पदवी, नंतर चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि त्यापुढे विषयानुसार साधारण तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी असा क्रम असतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८९३ साली वैद्यकीय विद्यालय सुरू करताना प्रवेशासाठी पदवीची अट घातली. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालाने हॉपकिन्सचाच नमुना आदर्श मानला आणि पुढे त्या धर्तीवर देशभरातील वैद्यकीय शिक्षणाची घडी बसत गेली. त्यामुळे सतरा-अठराव्या वर्षी निवडलेल्या पदवी महाविद्यालयावर विद्यार्थ्याचे पुढचे बरेच काही अवलंबून असते.

पहिला प्रश्न नागरिकत्वाचा

महाविद्यालयांची यादी करण्यापूर्वी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी आपला दर्जा काय असेल, हे तपासावे. अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीनकार्डधारक यांना बहुतेक वैद्यकीय विद्यालयांची दारे खुली असतात. 'एफ-१' व्हिसावरील परदेशी विद्यार्थ्यांचा विचार मात्र बहुसंख्य विद्यालये करतच नाहीत. जी करतात, त्यांपैकी काही एक ते चार वर्षांचा संपूर्ण खर्च आधीच स्वतंत्र खात्यात जमा करण्याची अट घालतात. या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्जही मिळत नाही.

पुण्या-मुंबईहून थेट पदवीसाठी जाणाऱ्यांपुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. आई-वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणापासून न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढलेली अनेक मराठी मुले 'एच-४' व्हिसावर असतात. वयाला एकवीस वर्षे पूर्ण होताच तो दर्जा संपतो. भारतीयांची ग्रीनकार्डाची रांग प्रदीर्घ असल्याने ही मुले नेमकी वैद्यकीय अर्जाच्या वयात 'परदेशी' ठरू शकतात. अशा कुटुंबांनी पदवीच्या प्रवेशाआधीच इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेणे आणि परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या वैद्यकीय विद्यालयांची यादी करणे हिताचे ठरते.

'प्री-मेड' ही पदवी नव्हे

'प्री-मेड' हे बहुतेक ठिकाणी कोणत्याही अभ्यासक्रमाचे नाव नसून केवळ विद्यार्थ्याच्या उद्दिष्टाचे नाव आहे. सामान्यतः जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगांसह, तसेच जैवरसायनशास्त्र, इंग्रजी आणि गणित वा संख्याशास्त्र अपेक्षित असतात. ते पूर्ण करून इतिहास, संगीत वा अर्थशास्त्रात पदवी घेणाऱ्यांनाही प्रवेश मिळतो. शाळेत मिळवलेले 'एपी'चे श्रेयांक काही वैद्यकीय विद्यालये या विषयांसाठी ग्राह्य धरत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

नावापेक्षा गुण महत्त्वाचे

एमडी अभ्यासक्रमासाठी २०२३ साली सुमारे साडेबावन्न हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजार जणांनी प्रवेश घेतला. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए चारपैकी सुमारे ३.७७, तर 'एमकॅट' परीक्षेचे सरासरी गुण ५२८ पैकी ५१२ च्या आसपास होते. बहुतेक एमडी विद्यालयांचे अर्ज स्वीकारणारी मध्यवर्ती यंत्रणा विज्ञान व गणिताचा जीपीए वेगळा काढते. एखादा विषय पुन्हा देऊन अधिक गुण मिळवले, तरी आधीचे गुण पुसले जात नाहीत. पहिल्या वर्षातील घसरण अर्जापर्यंत सोबत येते ती अशी.

म्हणूनच केवळ नामांकित विद्यापीठात नाव लागले म्हणून निश्चिंत होता येत नाही. शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात सेंद्रिय रसायनशास्त्राची कठोर चाळणी लागते, तेव्हा हुशार विद्यार्थीही मागे पडतात. याउलट न्यू ऑर्लिन्स येथील झेवियर विद्यापीठाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. आकाराने लहान असलेल्या या संस्थेतून वैद्यकीय शिक्षणाकडे वळून ते पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय पदवीधरांची संख्या अनेक वर्षे देशात आघाडीवर राहिली आहे. विज्ञानाच्या अध्यापनातील शिस्त, गटाने अभ्यास आणि मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला वेळीच आधार, ही तेथील रीत आहे.

यशाची टक्केवारी कशी वाचावी

'आमच्या नव्वद टक्के विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेश मिळतो' असे एखादे महाविद्यालय सांगते, तेव्हा ही टक्केवारी नेमकी कितींपैकी, हे विचारावे. अनेक महाविद्यालयांत समितीमार्फत शिफारसपत्र दिले जाते. काही ठिकाणी कमी गुणांच्या विद्यार्थ्याला असे पत्र नाकारले जाते किंवा अर्ज न करण्याचा सल्ला मिळतो. साहजिकच टक्केवारी उजळ दिसते. पहिल्या वर्षी किती विद्यार्थी या वाटेवर होते, त्यांपैकी कितींनी अर्ज केला आणि समितीचे पत्र कोणाला मिळते, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत. जवळपास रुग्णालय, संशोधनाची संधी आणि रुग्णसेवेचा अनुभव मिळण्याची सोय आहे का, हेही पाहावे.

राज्य आणि खर्च

सरकारी वैद्यकीय विद्यालये आपल्या राज्यातील रहिवाशांना झुकते माप देतात. टेक्सासमध्ये तर राज्याच्या विद्यालयांत किमान ९० टक्के जागा रहिवाशांसाठी असतात. मात्र केवळ शिक्षणासाठी एखाद्या राज्यात राहिल्याने रहिवासी दर्जा मिळतोच असे नाही.

खर्चाचा विचार आता अधिकच निकडीचा झाला आहे. २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जदारांना वैद्यकीय शिक्षणासाठी केंद्राकडून वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच कर्ज मिळू शकते. अनेक विद्यालयांचा चार वर्षांचा खर्च याहून बराच अधिक आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ मध्ये आणि अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाने २०२४ मध्ये शिक्षणशुल्क माफ केले असले, तरी असे अपवाद मोजकेच. पदवीवरच कुटुंबाची पुंजी संपवण्यापेक्षा शिष्यवृत्ती देणारे वा स्वतःच्या राज्यातील विद्यापीठ निवडणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

ब्राउन विद्यापीठासारख्या काही संस्थांत पदवी व वैद्यकीय शिक्षणाचा आठ वर्षांचा एकत्रित कार्यक्रम आहे. पण त्यातील जागा थोड्या आणि स्पर्धा तीव्र असते. महाराष्ट्रात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यापुढे आणखी एक मार्ग आहे. येथे एमबीबीएस पूर्ण करून 'यूएसएमएलई' परीक्षा द्यावी आणि थेट रेसिडेन्सीसाठी अर्ज करावा. तोही सोपा नाही. परंतु त्यात पदवीनंतर दार बंद असल्याचे कळण्याचा धोका नाही आणि अमेरिकेत जागा मिळाली नाही, तरी हाती डॉक्टरकीची पदवी राहते.