एका तारेतली वाटणी

१९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला, त्यानंतरच्या वर्षांत मी नांदेडमध्ये केबलच्या लाइनवर काम करत होतो. उपग्रहावरून आलेली प्रत्येक वाहिनी कंट्रोल रूममधल्या रिसीव्हरमधून मॉड्युलेटरमध्ये जाई आणि तारेत सात-आठ मेगाहर्ट्झची जागा अडवी. शिवाय कितीतरी घरांत बारा बटणांचेच संच. तेरावी वाहिनी तारेत असली तरी त्या घरांना तिचा उपयोग नव्हता. म्हणून पहिल्या बारांत कोणाला बसवायचं, हा आमच्यासाठी मोठा निर्णय असे. २००० साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली. दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि एक प्रादेशिक वाहिनी प्राइम बँडमध्ये, म्हणजे साध्या संचांवरही दिसतील अशा जागी, दाखवणं सक्तीचं झालं. मराठीची जागा कायद्यानं राखली, याचं मला आजही समाधान आहे.

खरी कसोटी गल्लीत होती. तार लांबली की सिग्नल क्षीण होतो. वाटेत अॅम्प्लिफायर लावावा, तर तो चित्राबरोबर खरखरही वाढवतो. त्यामुळे त्यांची साखळी फार लांबवता येत नाही. मग जवळच्या घरांना जास्त डीबीची घट करणारा टॅप (घराकडे जोडणी काढणारा तुकडा), म्हणजे सिग्नल कमी. लांबच्यांना कमी डीबीचा, म्हणजे सिग्नल जास्त. हे गणित चुकलं की शेवटच्या घरात पडद्यावर मुंग्या. भारनियमनात मधल्या गल्लीतली वीज गेली की तिथला अॅम्प्लिफायर बंद पडे आणि पुढच्या गल्लीत वीज असूनही चित्र जाई.

नांदेड-लातूरसारख्या शहरांना डिजिटल होण्यासाठी ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत मिळाली. सेट-टॉप बॉक्स आले. एका वाहिनीच्या जागेत दहाएक मावू लागल्या. पण जागा तरीही मोजकीच. आता वाटणी अनेक वाहिन्या एकत्र बांधणारा मल्टिप्लेक्सर करतो. बातम्या देणाऱ्याचा स्थिर चेहरा थोड्या बिट्समध्ये भागतो, धावत्या क्रिकेटला जास्त लागतात. एकाचे वाचलेले बिट्स तो क्षणात दुसऱ्याला देतो. मोबाइलवर व्हिडिओ दाखवणारा प्लेअरही जोडणीचा वेग पाहून कमी-जास्त दर्जाचं चित्र सर्व्हरकडून मागवतो.

यंत्राची वाटणी आमच्यापेक्षा कितीतरी चोख आहे. तरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आमची वाटणी पटली नाही, तर गिऱ्हाईक कंट्रोल रूमच्या दारात येऊन जाब विचारी आणि आम्हाला उत्तर द्यावं लागे. सामायिक तारेत कोणाला किती मिळतं, हे विचारण्याचा तो हक्क आजच्या प्रेक्षकालाही हवा.