होंग बॉम-दो : एका शिकाऱ्याचें स्वातंत्र्ययुद्ध

राष्ट्र स्वतंत्र झालें म्हणजे त्याच्यासाठीं झिजलेल्यांची त्याला आठवण होते. परंतु ती पुष्कळदां उशिरां होते, आणि झाल्यावरही तिच्यावरून भांडण जुंपतें. कोरियाचा गनिमी योद्धा होंग बॉम-दो याचें चरित्र या दोन्ही गोष्टींची साक्ष देतें.

होंगचा जन्म १८६८ सालीं प्योंगयांग येथें झाला. आई जन्मानंतर लवकरच गेली. बाप दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर. मुलगा नऊ वर्षांचा असतां तोही वारला. या पोरक्या मुलानें पोटासाठीं नाना धंदे केले. सैन्यांत बिगूल वाजविला, कागदाच्या कारखान्यांत घाम गाळला, एका बौद्ध विहारांत कांहीं काळ आश्रय घेतला, आणि अखेर ईशान्येकडील हामग्यॉंग प्रांताच्या डोंगरांत तो शिकारी होऊन स्थिरावला. तें वाघांचें रान. तेथील शिकाऱ्यांना प्रत्येक वाट व प्रत्येक खिंड पाठ असे. तासन् तास दबा धरून बसणें आणि सावज टप्प्यांत आल्यावांचून बार न टाकणें, ही त्यांची विद्या. हीच विद्या पुढें युद्धांत उपयोगी पडावयाची होती.

१९०५ सालीं जपाननें कोरियाला आपल्या संरक्षणाखालीं घेतलें. १९०७ सालीं कोरियाच्या सम्राटास पदत्याग करावयास लाविलें, आणि लगोलग देशाचें सैन्यही मोडून टाकिलें. त्याच वर्षीं हत्यारबंदीचा कायदा झाला व शिकाऱ्यांना बंदुका सरकारजमा करण्याचें फर्मान सुटलें. शहरांतील सुशिक्षितांना राज्य गेल्याचें दुःख होतें. डोंगरांतील शिकाऱ्याच्या तर हातचें भाकरीचें साधनच गेलें. परसत्ता म्हणजे काय, हें त्याला कोणी व्याख्यान देऊन सांगावें लागलें नाहीं. नोव्हेंबर १९०७ मध्यें होंगनें सोबतचे शिकारी जमविले आणि हुचीच्या घाटांत जपानी तुकड्यांवर छापे घातले. अशा लोकसेनांना कोरियन भाषेंत 'उइब्यॉंग', म्हणजे न्यायासाठीं उठलेली सेना, असें नांव होतें.

याची किंमत त्याला घरींच मोजावी लागली. नवऱ्याला शरण आणण्यासाठीं जपान्यांनीं त्याच्या बायकोस पकडलें. ती छळाला बधली नाहीं, आणि १९०८ सालीं कैदेंतच मरण पावली. त्याच वर्षीं थोरला मुलगा बापाच्या बाजूनें लढतां लढतां पडला. दारूगोळा संपत आला, तेव्हां होंग सरहद्द ओलांडून रशियांत गेला. १९१० सालीं जपाननें कोरिया गिळंकृत केला त्या वेळीं हा सेनानी परमुलुखांत मजुरी करून पोट भरीत होता. मात्र जुळविलेली पै न् पै बंदुकांसाठीं राखून ठेवीत होता.

१ मार्च १९१९ रोजीं कोरियाभर स्वातंत्र्याची घोषणा दुमदुमली, आणि ती जपाननें निर्दयपणें दडपली. मग होंग पुन्हां रणांगणांत उतरला. तूमन नदीपलीकडे, मांचूरियांत, कोरियन शेतकऱ्यांच्या वसाहती होत्या. त्यांपैकीं बोंगोदोंगच्या दरींत जून १९२० मध्यें त्यानें शत्रूला गांठलें. गांवकऱ्यांना आधींच हलविलें, भोंवतालच्या टेंकड्यांवर माणसें दडविलीं, आणि एका लहान टोळीकडून हुलकावणी देववून जपानी तुकडीला दरींत ओढून घेतलें. मग चहूंकडून मारा झाला. वाघाच्या शिकारीचाच हा डाव! कोरियन पक्षानें शत्रूचे १५७ लोक ठार झाल्याचें जाहीर केलें. जपानी कागदपत्रें हानि अगदीं अल्प सांगतात. आंकड्यांचा तंटा बाजूस ठेविला तरी एवढें खरें, कीं जपानी फौजेला हटवितां येतें हें जगाला दिसलें. ऑक्टोबरांत चॉंगसानरीच्या रानांत किम ज्वा-जिन व होंग यांच्या तुकड्यांनीं अनेक दिवस झुंज दिली. परंतु त्याचा सूड जपानी सैन्यानें निःशस्त्र शेतकऱ्यांवर उगविला. गांवेंच्या गांवें जाळलीं, माणसें मारलीं.

आतां रशियाशिवाय थारा उरला नाहीं. पण तेथेंही १९२१ सालीं स्वोबोद्नी गांवीं कोरियन तुकड्यांत फूट पडली. आज्ञा न मानणाऱ्यांना लाल सेनेनें बळानें निःशस्त्र केलें आणि कोरियन रक्त सांडलें. होंगनें सोव्हिएत सत्तेची आज्ञा मानली. १९२२ सालीं तो मॉस्कोस गेला. लेनिननें त्याला पिस्तूल भेट दिलें असें सांगतात. १९२७ सालीं तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. तरी त्याचें नशीब पालटलें नाहीं. १९३७ सालीं स्टॅलिनच्या हुकुमानें सुमारें १,७२,००० कोरियन लोकांना आगगाडींत कोंबून मध्य आशियांत धाडण्यांत आलें. त्यांत हा म्हाताराही होता. कझाकस्तानांतील किझिलोर्दा गांवीं तो कोरियन नाटकगृहाचा पहारेकरी झाला. १९४२ सालीं त्याच रंगभूमीवर त्याच्याच पराक्रमाचें नाटक झालें. आपली स्तुति फार झाली, असें तो तें पाहून म्हणाल्याचें सांगतात. २५ ऑक्टोबर १९४३ रोजीं तो वारला. देश स्वतंत्र होण्यास त्या वेळीं दोन वर्षेंही उरलीं नव्हतीं.

त्याच्या अस्थि मायभूमीला मिळावयास मात्र आणखी ७८ वर्षें लागलीं. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं त्या दक्षिण कोरियांत आल्या, आणि तीन दिवसांनीं डेजॉन येथील राष्ट्रीय स्मशानभूमींत त्यांचें दफन झालें. एका पाणबुडीला त्याचें नांव मिळालें होतें. सैनिकी विद्यालयांत, वापरलेल्या काडतुसांच्या नळ्या वितळवून घडविलेला त्याचा अर्धपुतळाही २०१८ पासून उभा होता. परंतु २०२३ सालीं, तो कम्युनिस्ट होता म्हणून हा पुतळा हलविण्याचा विचार जाहीर झाला आणि देशभर वाद माजला.

या वादांत एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. ज्याचा देशच हिरावला गेला, त्याला मित्र निवडून घेण्याची मुभा कोठून असणार? ज्यानें दार उघडलें त्याच्या ओसरीवर तो बसला. आणि त्याच यजमानानें पुढें त्याला हांकून दिलें. होंगनें कोणत्या पक्षाचें कार्ड खिशांत ठेविलें, हें इतिहासानें जरूर नोंदवावें. परंतु बायको, मुलगा, घर व गांव गमावूनही त्यानें बंदूक कोणासाठीं उचलली होती, हें त्याच पानावर नोंदविलें पाहिजे. नाटकगृहाच्या दारांत बसलेल्या त्या वृद्ध पहारेकऱ्याचें देशावर जें ऋण आहे, तें पुतळा उभारल्यानें फिटत नाहीं, आणि हलविल्यानें बुडतही नाहीं.