प्रकाशाचा चिमटा

सूक्ष्मदर्शकानें जिवंत पेशी दिसूं लागली, तरी तिला हात लावणें ही निराळीच विद्या होती. १९०४ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठांत मार्शल बार्बर यांनीं कांचेची नळी तापवून, ओढून तिला अत्यंत बारीक टोंक आणलें आणि तिच्या साहाय्यानें एकेक जंतु वेगळा उचलून दाखविला. पुढें कित्येक वर्षें पेशींच्या अभ्यासकांची भिस्त अशा कांचनळ्यांवर व कांचसुयांवरच होती. परंतु सुई ती सुईच! पेशींत शिरावयाचें म्हणजे तिला भोसकणें आलें. जिवाला इजा न करितां त्याला धरावें कसें?

याचें एक उत्तर भलत्याच दिशेनें आलें. प्रकाश वस्तूवर दाब पाडतो. धूमकेतूचें पुच्छ सूर्यापासून दूर कां वळतें याविषयीं केप्लरनें सतराव्या शतकांत असाच तर्क केला होता. १९७० सालीं न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत आर्थर अॅश्किन यांनीं लेसर किरणांनीं पाण्यांतील सूक्ष्म गोळे ढकलले. गोळे पुढें तर गेलेच, पण बाजूनें किरणाच्या मध्याकडे ओढलेही गेले. गोळ्यांतून जातांना किरण वांकतात, त्या वांकण्याचा उलट धक्का गोळ्यास बसतो, आणि प्रकाश मध्यभागीं अधिक प्रखर असल्यानें गोळा तिकडेच सरकतो. १९८६ सालीं एकच किरण भिंगानें बिंदूवर एकवटून कण जागच्या जागीं धरणें साधलें.

यानंतर जंतूंची पाळी आली. हिरव्या प्रकाशांत ते अडकले खरे, पण मरूं लागले. भिंगानें कागद जाळून दाखविणाऱ्या आम्हां मास्तरांस त्याचें नवल वाटणार नाहीं! १९८७ सालीं अॅश्किन यांनीं डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण घेतले. ते पेशी फारच थोडे शोषते. त्यामुळें पकडींत असतांनाच जंतु व किण्वाच्या पेशी एकीच्या दोन झाल्या. भोसकण्यावांचून धरणें साधलें तें असें.

१९९३ सालीं या चिमट्यानें पेशींतील 'कायनेसिन' नांवाच्या ओझेंवाहू रेणूचें पाऊल मोजलें गेलें: ८ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकीं आठ. अॅश्किन यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें २०१८ सालीं, वयाच्या ९६ व्या वर्षीं. फार उशिरां, असें माझें मत आहे. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतही याच चिमट्यानें 'डायनीन' नामक दुसऱ्या हमालाची परीक्षा झाली. एकटा डायनीन दुबळा, पण टोळीनें मोठें ओझें ओढतो, हें तेथील संशोधन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें.