सभामंडपातली चित्रं पुसण्याआधी एवढं वाचा

आपल्या लोणी काळभोरच्या आसपास जुन्या देवळांत गेलात तर सभामंडपात जरा मान वर करून बघा. रेड्याच्या तोंडून वेद, चांगदेवाला सामोरी निघालेली भिंत, जनाबाईबरोबर जात्याला बसलेला विठोबा, चिखल तुडवणारे गोरोबा, इंद्रायणीतून वर आलेली गाथा. ऑइल पेंटमधली, हातानं काढलेली चित्रं. खाली देणगीदाराचं नाव ठळक असतं. चित्र काढणाऱ्याचं बहुतेक वेळा नसतंच.

ही चित्रं आता झपाट्यानं चाललीत. जीर्णोद्धार निघतो, वर्गणी जमते, भिंतीला टाइल्स बसतात आणि वर फ्लेक्स लागतो. हवेली तालुक्यातल्या एका गावात (नाव नको, भांडण नको) विचारलं, तर उत्तर आलं, "त्यात काय एवढं? कॅलेंडरवरनं काढलेली नक्कल होती ती."

होती ना नक्कल. पण ही नक्कल कुठून कुठून आली ते तरी बघू.

हे प्रसंग गावोगाव पोचवण्यात सगळ्यात मोठा वाटा महिपतींचा. राहुरीजवळच्या ताहाराबादचे. जन्म १७१५, निधन १७९०. गावचं कुळकर्णीपण करणारा माणूस. सांगतात, की त्यांनी सरकारी लेखणी खाली ठेवली आणि पुढं ती फक्त संतचरित्रांसाठी उचलली. १७६२ साली 'भक्तविजय' पुरा झाला आणि १७७४ साली 'भक्तलीलामृत'. भाषा साधी आणि छंद ओवीचा. देवळात एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. म्हणजे ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही डोळ्यांसमोर हे प्रसंग उभे राहिले. भिंतीवर रंग लागण्याआधी चित्र ओवीत तयार झालं होतं.

मग छापखाना आला. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी चित्रशाळा काढली. शिळाप्रेसवर देवादिकांची रंगीत चित्रं छापून निघू लागली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि पुढं आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. ज्याच्या घरात कधी चित्र नव्हतं, त्याच्या देव्हाऱ्यामागं आता लक्ष्मी-सरस्वती लागली. पोथ्यांमध्येही चित्रं आली, मागाहून कॅलेंडरं आली.

ती वीतभर चित्रं भिंतीवर आणली पेंटरनं. पद्धत साधी. छापील चित्रावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या करून भिंतीवर आखायच्या आणि एकेक घर उतरवत जायचं. मात्र छापील कागद वीतभर आणि भिंत दहा फुटी! मधला तपशील पेंटरलाच भरावा लागतो. तो भरताना त्याच्या ओळखीचं जातं, ओळखीचा बैल, ओळखीचं लुगडं चित्रात येतं. म्हणून ओवी एकच असली तरी दोन गावांतले गोरोबा सारखे दिसत नाहीत.

आणखी एक गंमत. १९३६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' आला. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा लोकांच्या मनात असा बसला, की नंतरच्या कितीतरी चित्रांत तोच चेहरा येत राहिला. म्हणजे अठराव्या शतकातली ओवी, एकोणिसाव्या शतकातला छापखाना आणि विसाव्या शतकातला सिनेमा, सगळं एका भिंतीवर. याला इतिहासाचं साधन नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

नकलेला कमी लेखणाऱ्यांनी एकदा कोकणात पिंगुळीला जावं. कुडाळजवळचं हे गाव. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारताची चित्रं एकेक करून दाखवत कथा गाऊन सांगतात. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणतात. कागद शेवटी कागदच, हाताळून झिजतो. जुनी पोथी झिजली की नवी हातानंच काढायची. या कलेसाठी झटणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. जुन्या चित्रकथी चित्रांचा संग्रह तर पुण्यातच, राजा केळकर संग्रहालयात आहे. लोणीहून तासाभराची वाट, पोरांना एकदा दाखवून आणा.

पिंगुळीत आणि आपल्यात फरक एवढाच, की त्यांनी जुनं समोर ठेवून नवं काढलं. आपण जुनं पुसतोय आणि त्या जागी नवं काढणारा हातही ठेवत नाही. फ्लेक्स दोन पावसाळ्यांत फाटतो. पेंटरची पोरं दुसऱ्या धंद्याला लागली.

जीर्णोद्धाराला विरोध नाही. देऊळ गळत असेल तर दुरुस्त व्हायलाच पाहिजे. पण कमिट्यांना हात जोडून तीन गोष्टी सांगतो. भिंतीला हात लावण्याआधी प्रत्येक चित्राचा दिवसाउजेडी नीट फोटो काढा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पेंटरचं नाव आणि साल विचारून लिहून ठेवा. आणि चित्र वाचण्यासारखं नसेलच, तर पेंटर बोलावून त्यावरून दुसरं हातानं काढून घ्या. खाली देणगीदाराबरोबर त्याचंही नाव टाका.

तुकोबारायांची पालखी दरवर्षी आपल्याकडं मुक्कामाला येते. वारकरी सभामंडपात पाठ टेकतो आणि वर बघतो. त्याला वर काय दिसावं, हे आपल्या हातात आहे.

तुमच्या गावात अशी चित्रं असतील तर फोटो खाली टाका, गावाच्या नावासकट. यादी आपणच करू.