आगीला माणसाळविणारे लोक

वाचकहो, आग म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वणवा आणि राखच उभी राहते. परंतु आगीनेच जमिनीची निगा राखणारे लोक ऑस्ट्रेलियात आहेत, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? तेथील आदिवासी त्या खंडात किमान ५०,००० वर्षांपासून राहत आले आहेत.

त्यांची रीत समजून घ्या. पावसाळा संपून गवत वाळू लागते, पण जमिनीत ओल असते, अशा वेळी ते रानाचे लहान लहान तुकडे पेटवितात. ज्योत बुटकी राहते, सावकाश सरकते, झाडांच्या शेंड्यांना पोहोचत नाही. प्राण्यांना निसटण्यास अवधी मिळतो. पालापाचोळा जळून कोवळे गवत फुटते व ते चरण्यास कांगारू येतात. पुढे कडक कोरड्या दिवसांत आग लागलीच, तर तिला जळणच थोडे मिळते. कोठे, केव्हा पेटवावे आणि कोठे मुळीच पेटवू नये, हे वडीलधारी मंडळी मुलांना रानात हिंडवून शिकवितात.

१७८८ साली इंग्रजांनी सिडनी येथे वसाहत स्थापिली. रोगराईने व हिंसेने माणसे मेली, जमिनी गेल्या, पुष्कळ ठिकाणी ही रीतही बंद पडली. आदिवासींची आग थांबताच सिडनीजवळच्या मोकळ्या रानांत दाट झाडी माजली, असे सर्वेक्षक थॉमस मिचेल याने १८४८ सालीच नोंदविले होते. त्याकडे लक्ष कोण देणार?

७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया प्रांतात भडकलेल्या वणव्यांत १७३ माणसे दगावली. २०१९-२० मध्ये पुन्हा भीषण वणवे पेटले. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने २०२० च्या अहवालात, सरकारांनी आदिवासींच्या या ज्ञानाकडे अधिक लक्ष द्यावे, अशी शिफारस केली. केवळ या रीतीने सगळे वणवे थांबतील असे नाही. दुष्काळ आणि वाढते तापमान हीही कारणे आहेतच. तरीही ज्या ज्ञानास अडाणीपणा म्हटले गेले, त्याच्याच दारी सरकारला यावे लागले.

केप यॉर्क भागातील टॉमी जॉर्ज व जॉर्ज मस्ग्रेव्ह या दोघा आदिवासी वृद्धांनी ही विद्या तरुणांना शिकविली. जेम्स कुक विद्यापीठाने दोघांनाही सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यांचे विद्यापीठ मात्र ते रानच होते.

विद्यार्थी मित्रांनो, पुस्तके जरूर वाचा. पण घरातील वृद्धांजवळही थोडा वेळ बसा. लिहून न ठेवलेले ज्ञान एका पिढीने विचारले नाही, तर दुसरीला ते मिळत नाही.