विनोदिनी दासी आणि ‘स्टार’ नाट्यगृहाचें नांव

ऐतिहासिक साधनाची किंमत ठरवितांना तें कोणाच्या हातचें आहे हें आपण प्रथम पाहतों. दरबारी पत्र, महजर, वंशावळ, बखर यांची प्रतवारी लावण्याची संवय अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु जिला समाजांत स्थान नव्हतें अशा एका नटीनें स्वहस्तें लिहिलेली हकीकत समोर आली, तर ती कोणत्या प्रतींत बसवावी? कलकत्त्याच्या रंगभूमीवरील विनोदिनी (बंगाली उच्चारांत बिनोदिनी) दासी हिच्या ‘आमार कथा’ या आत्मवृत्तामुळें हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखांत तिच्या चरित्राचे मुख्य टप्पे देऊन, एका नाट्यगृहाच्या नांवाविषयींची तिची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, याचा विचार आम्हीं केला आहे.

१. पूर्ववृत्त — बंगाली धंदेवाईक रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच कराव्या, हा पायंडा ‘बंगाल थिएटर’नें पाडला. मायकेल मधुसूदन दत्त यांच्या ‘शर्मिष्ठा’ नाटकाचा प्रयोग १६ ऑगस्ट १८७३ रोजीं तेथें झाला व त्यांत नटी उभ्या राहिल्या. गृहस्थाश्रमी घरांतून बायका मिळणें अशक्य असल्यामुळें या नटी गणिकांच्या वस्तींतूनच आणाव्या लागल्या. यानंतर नऊ वर्षांनीं, १८८२ सालीं, किर्लोस्कर मंडळींनीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां सुभद्रेची भूमिका भाऊराव कोल्हटकर यांनीं केली होती. दोन्ही प्रांतांच्या रंगभूमींतील हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील हकीकतीचा उलगडा होतो. आपल्याकडे नाटक करणारास लोक नांवें ठेवीत. तिकडे नटी ठेवली म्हणून सबंध नाट्यगृहालाच बोल लागे.

विनोदिनीचा जन्म सुमारें १८६३ सालीं कलकत्त्यांत, कॉर्नवालिस स्ट्रीटवरील एका दरिद्री घरांत झाला. त्याच घरांत गंगाबाई नांवाची एक गायिका राहण्यास आली. तिच्याजवळ विनोदिनीनें गाण्याचे पहिले धडे घेतले. गंगाबाईकडे येणाऱ्या नाट्यप्रेमी गृहस्थांच्या शिफारशीनें ती ‘ग्रेट नॅशनल थिएटर’ मध्यें दरमहा दहा रुपये वेतनावर दाखल झाली. डिसेंबर १८७४ मध्यें ‘शत्रुसंहार’ नाटकांत द्रौपदीच्या सखीची लहानशी भूमिका करून तिनें रंगभूमीवर पहिलें पाऊल टाकलें.

पुढच्याच वर्षीं मंडळी उत्तर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाली. लखनौ येथें दीनबंधु मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ नाटकाचा प्रयोग चालू असतां, निळीच्या मळ्याच्या गोऱ्या मालकाला एक रयत मारीत आहे हा प्रवेश पाहून प्रेक्षकांतील गोरे शिपाई खवळले व रंगभूमीवर चढून आले. प्रयोग तेथेंच बंद पडला. या प्रसंगीं भेदरून गेलेल्या नटींचें वर्णन विनोदिनीनें केलें आहे. ती स्वतः त्यांत सरलतेच्या भूमिकेंत होती.

२. नाट्यकारकीर्द — ग्रेट नॅशनलनंतर बंगाल थिएटर व तेथून नॅशनल थिएटर, असा तिचा प्रवास झाला. नॅशनलमध्यें गिरीशचंद्र घोष यांच्या शिक्षणाचा तिला लाभ झाला. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्यांवरून रचलेल्या नाटकांत तिनें ‘मृणालिनी’मधील मनोरमा व ‘विषवृक्षा’मधील कुंदनंदिनी या भूमिका केल्या, ‘दुर्गेशनंदिनी’त तिलोत्तमा आणि आयेषा या दोन्ही भूमिका तिच्या वाट्यास आल्या. ‘मेघनादवधा’त तर आपण एकाच नाटकांत सात सोंगें घेतल्याचें ती सांगते.

तिच्या कीर्तीचा कळस म्हणजे गिरीशबाबूंचें ‘चैतन्यलीला’ नाटक. २ ऑगस्ट १८८४ रोजीं त्याचा पहिला प्रयोग झाला व त्यांत निमाईची भूमिका विनोदिनीनें केली. २१ सप्टेंबर रोजीं श्रीरामकृष्ण परमहंस हें नाटक पाहावयास आले. ज्या गृहांत पाऊल टाकणें अनेक सुशिक्षितांस लांछन वाटे, तेथें त्यांनीं येऊन नटीच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्याच वर्षीं अमृतलाल बसु यांच्या ‘विवाहविभ्राट’ प्रहसनांत तिनें नव्या शिक्षणाची मिरवणूक करणाऱ्या विलासिनीचें सोंग वठविलें. भक्तीनें देहभान हरपलेला निमाई आणि ही विलासिनी एकाच नटीनें उभी करावी, यांतच तिची योग्यता दिसून येते. ‘बुद्धदेवचरिता’त गोपा, ‘बिल्वमंगला’त चिंतामणि या तिच्या शेवटच्या मोठ्या भूमिका. १८८६ च्या अखेरीनंतर लौकरच, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या सुमारास, तिनें रंगभूमी कायमची सोडली.

३. नांवाचें प्रकरण — ही कीर्ति ज्या गृहांत मिळाली, त्याच्या उभारणीची हकीकत अशी. नॅशनलचे मालक प्रतापचंद जहुरी यांच्याशीं रजेच्या काळांतील वेतनावरून विनोदिनीचा खटका उडाला. गिरीशबाबू व इतर नटांसही तेथें राहवेना. त्या वेळीं गुर्मुख राय नांवाचा एक तरुण मारवाडी धनिक नवें नाट्यगृह बांधून देण्यास पुढें आला. मात्र विनोदिनीनें त्याच्या आश्रयास राहावें अशी त्याची अट होती. सहकाऱ्यांनीं आर्जवें केलीं व तिनें ती मान्य केली. नाटक सोडलेंस तर पन्नास हजार रुपये देतों, असें गुर्मुख राय म्हणाला असतां आपण पैसे नाकारून नाट्यगृहच मागितलें, असें ती लिहिते. बीडन स्ट्रीटवर जागा घेतली. काम चालू असतां मजुरांबरोबर तिनेंही मातीच्या टोपल्या वाहिल्या.

या गृहास तिच्या नांवाच्या आद्याक्षरावरून ‘बी थिएटर’ म्हणावें, असें ठरलें होतें. नोंदणी करून मंडळी परत आली तेव्हां तिनें उत्सुकतेनें नांव विचारलें. उत्तर मिळालें, ‘स्टार’. २१ जुलै १८८३ रोजीं ‘दक्षयज्ञ’ नाटकानें हें गृह उघडलें व सतीच्या भूमिकेंत विनोदिनीच उभी राहिली. थोड्याच काळांत गुर्मुख रायनें आपला हक्क सोडला, तेव्हां अमृतलाल मित्र, दासुचरण नियोगी, हरिप्रसाद बसु व अमृतलाल बसु हे चौघे मालक झाले. विनोदिनीस हिस्सा मिळाला नाहीं.

४. साक्षीची पारख — ‘बी थिएटर’च्या वचनाची कथा मुख्यतः तिच्याच लेखणींतून आलेली आहे. मग ती स्वीकारावी काय? आम्हांस ती स्वीकारण्यासारखी वाटते, व त्याचीं कारणें तीन. पहिलें, आपल्या कमीपणाच्या गोष्टी ती लपवीत नाहीं. ज्या अटीवर नाट्यगृह मिळालें ती तिनें स्वतःच नोंदली आहे. दुसरें, जेथें पडताळा घेतां येतो तेथें ती खरी उतरते. परमहंसांच्या आगमनाची नोंद महेंद्रनाथ गुप्त यांच्या ‘कथामृता’त स्वतंत्रपणें आढळते. तिसरें, १९१२ सालीं पुस्तक निघालें तेव्हां भागीदारांपैकीं अमृतलाल बसु हयात होते, आणि तरीही तिनें हें छापलें. मात्र सुमारें तीस वर्षांनंतर स्मरणावर लिहिलेलें असल्यामुळें त्यांतील वयें व रकमा जशाच्या तशा घेऊं नयेत.

प्रस्तावनेचें प्रकरणही याच संदर्भांत पाहण्यासारखें आहे. गिरीशबाबूंनीं लिहून दिलेली प्रस्तावना तिनें पसंत केली नाहीं. घडलेल्या पुष्कळ खऱ्या गोष्टी तींत आल्या नाहींत, हा तिचा आक्षेप. दुसरी प्रस्तावना लिहून होण्यापूर्वींच ८ फेब्रुवारी १९१२ रोजीं गिरीशबाबू निवर्तले, व पुढें जुनीच प्रस्तावना पुस्तकास जोडली गेली. ज्या गुरूस तिनें आयुष्यभर पूज्य मानिलें, त्याच्याही लेखणींत सत्य कमी पडतें असें म्हणणारी बाई खोटी साक्ष देईल, असें मानणें कठीण आहे.

५. उपसंहार — १८८७ सालीं बीडन स्ट्रीटची इमारत गोपाललाल शील यांजकडे गेली व तेथें ‘एमरल्ड’ थिएटर झालें. भागीदारांनीं इमारत विकली, नांव मात्र विकलें नाहीं. १८८८ सालीं हातीबागान येथें त्यांनीं दुसरें ‘स्टार’ उभें केलें. नाट्यगृहाचें नांव ही विटामातीहून निराळी मालमत्ता आहे हें ते पुरतें जाणून होते. तेव्हां १८८३ मध्यें विनोदिनीकडून काय गेलें, याचें मोल त्यांच्याच व्यवहारावरून ठरतें.

विनोदिनी १९४१ सालीं वारली. डिसेंबर २०२४ मध्यें हातीबागानच्या ‘स्टार’चें नांव बदलून ‘बिनोदिनी थिएटर’ ठेवण्यांत आलें. एकशें एकेचाळीस वर्षांनीं वचन पाळलें गेलें, हें योग्यच झालें. परंतु पुढील अभ्यासकांचा घोटाळा होऊं नये म्हणून येथें नमूद करणें अवश्य आहे, कीं ही ती वास्तु नव्हे. हें गृह बांधलें गेलें त्यापूर्वींच तिनें रंगभूमी सोडली होती. जेथें तिनें माती वाहिली ती बीडन स्ट्रीटची वास्तु पुढें नव्या हमरस्त्यासाठीं पाडण्यांत आली. त्या वास्तूचें नांव जें व्हावयाचें होतें, तें तिच्या पुस्तकांतच तेवढें उरलें आहे.